पुलाच्या अलीकडचा खड्डा

आमच्या सायकलच्या ग्रुपची एक रीत आहे. रांगेत सगळ्यात पुढे असलेला माणूस रस्त्यात जे काही आडवं येईल ते ओरडून सांगतो. खड्डा डावा. गिट्टी. ब्रेकर. बकऱ्या. मागचा तेच ओरडून त्याच्या मागच्याला देतो, तो त्याच्या मागच्याला. असं करत करत खड्डा शेपटापर्यंत पोचतो. नवी मंडळी आली की आधी लाजतात. भल्या सकाळी भररस्त्यात 'शेण, शेण' काय ओरडायचं, असं त्यांना वाटतं. एकदा तोंडावर आपटले की आवाज आपोआप फुटतो.

या एका रीतीच्या भरवशावर माझ्या दादानं जवळजवळ वर्षभर सायकल चालवली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत गणिताचा मास्तर होता, आता पेन्शनीत आहे. मी सरकारी कचेरीत कारकून. यवतमाळात आमची घरं एकाच गल्लीत आहेत. सायकलचं वेड त्याचं, मला त्यानंच लावलं. पन्नाशी उलटलेली बाई हेल्मेट घालून निघाली की आमच्या गल्लीत अजूनही पडदे हलतात. हलू देत. पडद्यांना तेवढाच व्यायाम.

डॉक्टरांनी त्याला काचबिंदू सांगितला तेव्हा त्याच्याबरोबर मी होते. वहिनी त्या आठवड्यात लेकीकडे गेली होती, म्हणून मी गेले, नाहीतर तीच गेली असती आणि पुढचं काहीच झालं नसतं. दोन्ही डोळ्यांतली कडेची नजर बरीचशी गेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच. गेलेलं परत येत नाही. औषधाचे थेंब घालायचे ते उरलेलं टिकावं म्हणून. आणि गाडी चालवायची नाही.

 परत येताना चौकात ऑटो थांबला तेव्हा दादा म्हणाला, "तिले सांगू नको."

"काहून? बायको आहे ती तुमची."

"म्हणूनच."

मला कारण माहीत होतं. वहिनीची आई शेवटची कितीतरी वर्षं ठार आंधळी होती आणि तिचं हागणं-मुतणं, न्हाणंधुणं, घास भरवणं, सगळं वहिनीनं केलं होतं. म्हातारी गेली तेव्हा वहिनी रडली आणि मग दोन दिवस नुसती झोपली. आता तेच ताट पुन्हा तिच्यापुढे वाढायचं, हे दादाच्या जिभेवर येत नव्हतं.

त्यानं स्कूटर विकून टाकली. पेट्रोल परवडत नाही, असं घरी सांगितलं. डोळ्यांत थेंब घालायचा ते कोरडे पडतात म्हणून. सायकल मात्र ठेवली. आणि थंडीत यवतमाळ ते घाटंजी आणि परत अशी मोठी राइड जाहीर झाली, तेव्हा मला न विचारता दोघांची नावं देऊन आला. शर्यत नव्हती ती. कोणीही यावं, जमेल तसं चालवावं, पूर्ण करणाऱ्याला मेडल.

माझं डोकंच फिरलं. त्याच्या अंगणात उभी राहून मी त्याला दबक्या आवाजात जेवढं बोलता येतं तेवढं बोलले. वहिनी आत पोळ्या लाटत होती.

"पडलेत-गिडलेत तर ती मले फाडून खाईन."

"मी नाही पडत. तू समोर राहा, सांगत चाल. मी आहो मागं."

"अन् कायले पाहिजे हे सारं?"

 तो म्हणाला, "मेडल घेऊन घरी येईन. ते तिच्या हातात देईन अन् मंग सांगीन, का असं असं झालं आहे. म्हणजे तिले समजन का मी अजून तिच्या मायसारखा खाटेवर नाही पडलो. मीच सांगीन तिले. तू नको सांगू."

 आंधळेपण बायकोला सांगायचं होतं आणि सांगताना हातात काहीतरी हवं होतं त्याला. मला राग आला होता तो तसाच राहिला आणि त्याच्यावर आणखी काहीतरी येऊन बसलं. मी हो म्हटलं.

मग दर रविवारी आम्ही तो रस्ता पाठ केला. पोरांकडून पाढे घोकून घ्यायचा तसं त्यानं स्वतःकडून घोकून घेतलं. यवतमाळहून निघालं की उतार, मग सागाची झाडं, मग वळण, वळणावर उजवीकडे वाहून आलेली रेती. तांड्यापाशी दोन ब्रेकर, एकावर पांढरे पट्टे नाहीत. पुढे नाल्यावर एक बुटका पूल आणि पुलाच्या अलीकडे एक खड्डा. हा खड्डा त्या रस्त्याचा राजा होता. पाऊस पडला की त्यात म्हैस बसेल एवढा. दरवर्षी मुरूम टाकायचे, दरवर्षी तो मुरूम खाऊन टाकायचा. नाल्याची गार हवा अंगाला लागली की दादा माझ्या आधीच म्हणायचा, "आला आपला सोयरा." आणि हँडल नेमकं उजवीकडे घ्यायचा.

ग्रुपमधल्या कोणाला काही कळलं नाही. दादा माणसं आवाजावरून ओळखायचा. कोणी "जयभीम सर" म्हटलं की त्याचं नाव घेऊन उलट जयभीम करायचा, त्याच्या पोराची दहावी कशी चालली आहे तेही विचारायचा. आणि माझी हाक तो इतकी खणखणीत मागे द्यायचा की तरणी पोरं मुद्दाम त्याच्या मागे लागायची. सरांच्या मागे चाललं की खड्डा चुकत नाही, म्हणायची. मग मी पुढची हाक आणखी मोठ्यानं द्यायचे.

राइडच्या सकाळी मैदानावर ही गर्दी. नागपूर-अमरावतीकडून आलेली महागड्या सायकलींची मंडळी, आपल्या गावातली साध्या सायकलवाली पोरं, लाउडस्पीकर, पोह्यांचा वास. वहिनीनं घरून निघताना दादाच्या खिशात गूळ-शेंगदाण्यांची पुडी घातली आणि मला म्हणाली, "लक्ष ठेव वो बाई, त्याईचं आजकाल ध्यान नसते रस्त्यात." मी मान हलवली. तिच्याकडे पाहिलं नाही.

जाताना सगळं पाठ केल्यासारखं झालं. थंडी होती, हात बधिर झाले होते, पण उतार भराभर संपला. वळणावरची रेती, तांड्याचे ब्रेकर. तांड्याच्या बायका घागरी टेकवून बघत उभ्या होत्या. एक म्हातारी ओरडली, "कोठं चालले बापा एवढे?" दादानं सायकलवरूनच उत्तर दिलं, "कोठीच नाही वो माय, जाऊन वापस येतो." ती हसली. आम्ही पण हसलो. पुलाच्या अलीकडे त्याचा सोयरा भेटला, त्याला त्यानं उजवीकडून वळसा घातला. घाटंजीत केळी खाल्ली आणि परत फिरलो.

परतताना मात्र एका गावापाशी रस्ता बदललेला होता. गावकऱ्यांनी तूर आणून डांबरावर पसरली होती. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, आयती मळणी होते. सकाळी आम्ही गेलो तेव्हा तिथं काही नव्हतं. आता अर्धा रस्ता तुरीच्या वाळक्या काड्यांनी भरला होता आणि कडेला दगड मांडून ठेवले होते. माझ्या पुढे नागपूरचा एक जण होता. त्यानं घाबरून ब्रेक दाबला आणि सायकलसकट आडवा झाला.

तुरीसाठी आमच्याकडे हाकच नव्हती. मी नुसती किंचाळले, "तूर! सरळ! सरळ दादा, ब्रेक नको!"

मागून काड्या मोडल्याचा आवाज आला. कडकड, कडकड, एका लयीत. मग तो थांबला आणि डांबरावरच्या टायरचा आवाज आला. दादा माझ्या मागे होता. त्यानं ब्रेक लावला नव्हता, कारण त्याला घाबरण्याजोगं काही दिसलंच नव्हतं. मागची पोरं आरडाओरडा करत होती, "सर, काय डेरिंग आहे!" मला रडू फुटलं. चढ सुरू झाला होता, तेव्हा धापा टाकते आहे असंच सगळ्यांना वाटलं असेल.

यवतमाळ उंचावर आहे, त्यामुळे परतीचा रस्ता जीव काढतो. मांड्या पेटल्या होत्या. मी हाका देत होते आणि दादा त्या मागे देत होता, त्याचा आवाज बसत चालला होता. शहरात शिरलो, तो चौक, तो पेट्रोल पंप, मैदानाचं फाटक. रेषा ओलांडली. लाउडस्पीकरवाला दादाचं वय सांगून तरुणांनी यांचा आदर्श घ्यावा वगैरे म्हणत होता. मी सायकल टाकली आणि गवतावर बसले. सुटलो, एवढंच मनात होतं. रेषेपलीकडे कोणी हाका देत नाही. तशी आमची रीतच नाही.

दादा सायकल हातात धरून मंडपाकडे चालला होता. मेडल देणारी मुलगी त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तिनं मेडलची फीत दोन्ही हातांनी ताणून वर धरली होती, गळ्यात घालायला. "सर," ती म्हणाली. गोंगाटात त्याला ते ऐकू गेलं नसावं. तो तिच्या हातांजवळून सरळ पुढे गेला. मुलगी हात तसेच धरून राहिली. मंडपाची दोरी तिरपी बांधलेली होती, तिच्यात त्याचा पाय अडकला आणि रस्त्यावर कुठेही न पडलेला माझा भाऊ सपाट जमिनीवर पडला.

मी धावले, पण वहिनी आधी पोचली. ती कधी आली होती मला ठाऊक नव्हतं. त्याला आश्चर्य वाटावं म्हणून आली होती, हार घेऊन. तिनं त्याला उठवून बसवलं, गुडघा पाहिला, धूळ झटकली. मग तिचा हात थांबला. तिनं तो त्याच्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणला, चेहऱ्याजवळून. तिच्या आईची नजर जात होती तेव्हा ती असंच करायची, मी पाहिलेलं होतं. हात अगदी नाकासमोर आला तेव्हा दादाच्या पापण्या हलल्या.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

दादा म्हणाला, "मेडल कोठं आहे?"

मुलीनं मेडल आणून त्याच्या हातात दिलं. ते त्यानं वहिनीच्या पुढे धरलं. "हे पाह्य," म्हणाला, "हे तुले द्यायचं होतं, अन् मंग सांगणार होतो." ते वाक्य त्यानं महिनोन्महिने तयार केलेलं असेल. धुळीत बसून, बघ्यांच्या घोळक्यात, ते त्याला तसं म्हणावं लागलं. वहिनीनं मेडल घेतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले माहीत होतं."

मी हो म्हटलं.

"तिले सांगितलं," ती त्याला म्हणाली. "मले नाही." मग तिनं सायकल उचलली आणि एका हातानं सायकल, एका हातानं नवरा धरून चालायला लागली. हार गवतातच राहिला.

बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्यापुढे चहा ठेवायची आणि आत जायची. दादाशी बोलायची ते थेंब, जेवण, आंघोळ एवढंच. घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. सायकल पोर्चमध्ये उभी राहिली आणि तिच्या टायरमधली हवा हळूहळू निघून गेली. दादाची नळी आणखी बारीक झाली. आता समोर बसलेल्या माणसाचं एक तर नाक दिसतं नाहीतर कपाळ, असं म्हणतो आणि हसायचा प्रयत्न करतो. मला त्या हसण्याचा त्रास होतो.

मी रविवारी एकटीच जाते. परत आले की आधी त्याच्याकडे. तो अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो, विचारतो, "सांग, रस्ता कसा आहे?" आणि मी सगळा रस्ता सांगते. वळणावरची रेती, तांडा, ब्रेकर. तो मान हलवत राहतो, मधेच त्याचे हात गुडघ्यांवर हँडल वळवल्यासारखे वळतात.

यंदा तो रस्ता नवा झाला. काळाभोर, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ. वळण कापून सरळ केलं, ब्रेकर काढले, बुटका पूल पाडून उंच केला. दादाला पाठ होता तो रस्ता आता कुठेच नाही. पहिल्या दिवशी त्याच्यावरून सायकल पाण्यासारखी गेली आणि मला एकही हाक द्यावी लागली नाही. मी घरी आले, खुर्चीशेजारी बसले आणि जुनाच रस्ता सांगितला. रेती आहे. ब्रेकर आहेत, एकावर अजून पट्टे नाहीत.

"अन् पुलाच्या अलीकडे? आपला सोयरा?"

"आहे नं. तसाच आहे."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. दोनच दिवसांपूर्वी ती एसटीनं घाटंजीला जाऊन आली होती, नवा रस्ता तिनं पाहिलेला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. आता ही बोलणार, असं मला वाटलं. तिनं कप त्याच्या हातात दिला, त्याची बोटं कपाच्या कानाला लागली आहेत ना ते पाहिलं आणि म्हणाली, "आहे तर काय. परवा एसटी अशी आदळली तिथं, माही कंबर अजून दुखून राह्यली."

दादानं फुंकर घालून चहाचा घोट घेतला. "तो नाही बुजत," म्हणाला. "कोणाच्या बापाकडून नाही बुजत तो."

वहिनी माझ्या शेजारी बसली आणि आम्ही तिघांनी चहा प्यायला.