तात्यांच्या रानातला सुपरनोव्हा

बारामतीत दिव्यांचा झगमगाट फार, म्हणून फोटो काढायचे तर मी दुर्बीण गाडीत घालून शेळगावला सासऱ्यांच्या रानात जातो. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं. त्या वेळी एका दूरच्या दीर्घिकेत तारा फुटला होता, सुपरनोव्हा. तो फिका पडायच्या आत मला त्याचा फोटो हवाच होता.

नेमकी त्याच दिवसांत इंदापूर तालुक्यात हूल उठली होती, की रात्री ड्रोन फिरतात, चोर वरून घरं हेरतात. वस्त्यांवर माणसं काठ्या घेऊन जागत होती. मला हे ठाऊक होतं. पण भ्यायचं ते चोरांना, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लाल बॅटरी लावून मी कॅमेरा जोडला. आभाळाच्या चालीनं दुर्बीण फिरवणारी मोटर गुणगुणू लागली. पडद्यावर दीर्घिकेचा पुसट डाग उमटला आणि त्याच्या कडेला एक ठिपका. तोच तो! आनंदानं ओरडणार, तेवढ्यात उसाआडून आवाज आला, "त्यो बघ, तितं लाल दिवा हाय!"

मी घाबरून दिवा विझवला. शहाणाच मी! असा दिवा विझवणारा चोर नाही तर कोण?

क्षणात चारी बाजूंनी बॅटऱ्या तोंडावर आल्या. माणसं दिसेनात, काठ्या तेवढ्या दिसत होत्या.

"ड्रोन कुठं उतरिवलाय?"

मी दीर्घिका, प्रकाशवर्षं, काय वाट्टेल ते बरळत सुटलो. एकानं गचांडी धरली. आता मरतो, असं खरोखर वाटलं. शेवटी कसाबसा ओरडलो, "अहो, मी तात्यांचा जावई!"

गचांडी सुटली. "आरं, जावई हायती!" त्याच हातानं माझी कॉलर नीट केली. मग वस्तीवर नेऊन चहा, हसणं, चेष्टा. मीही हसलो.

गचांडी धरणारा म्हणाला, "बरं झालं बोललात, जावईबापू. परवा एक चादरी विकणारा घावला हुता. त्यो बी लई बोलत हुता. पर हितं त्याचं कुणीच न्हवतं."

"मग?"

तो दुसऱ्यांच्या कपात चहा ओतत राहिला.

फोटो छान आला, घरात भिंतीवर लावलाय. तो तारा किती लांब आहे, असं येणारे-जाणारे विचारतात आणि मी सांगतो. शेळगावला जाणं-येणंही चालू आहे. पण त्या चादरीवाल्याचं काय झालं, हे विचारायची माझी अजून छाती होत नाही.