यादीतून गळलेला एकजण

"मी काहीच केलं नाही, आपोआपच बिघडलं," असं सांगत जो फोन करतो, त्यानं काहीतरी केलेलंच असतं. परभणीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकते. मी तिथं क्लार्क आहे. पण माझं नाव झालंय ते मॅक्रोमुळं. मॅक्रो म्हणजे एक्सेलच्या पोटात लिहून ठेवलेला छोटासा प्रोग्रॅम. बटण दाबलं की दिवसभराचं याद्यांचं काम चहा येईपर्यंत उरकतं. मला तो कुणी शिकवला नाही. निकालाचे तक्ते हातानं करून करून वैतागले आणि त्या वैतागातच शिकले.

एकदा ही विद्या तुमच्या अंगाला चिकटली की सगळा जिल्हा तुम्हाला चिकटतो. जिंतूरच्या एका कॉलेजातले क्लार्कभाऊ दर परीक्षेला न चुकता फोन करतात. "ताई, तुमचं बटण मेलंय." मी विचारते, फाइल उघडताना 'मॅक्रो चालू करू का' असं आलं होतं, तेव्हा काय दाबलंत? ते म्हणतात, "नको म्हणून दाबलं. उगं कशाला त्याला आगाऊपणा करू द्यायचा?" दुसऱ्या एका बाईंनी तक्ता देखणा दिसावा म्हणून मधल्या चार रकान्यांचा एकच मोठा रकाना केला, त्यात गुलाबी रंग भरला आणि मग प्रोग्रॅम चालेना म्हणून मलाच बोल लावला. मी आधी चिडते, मग हसते, मग दुरुस्त करून देते. कितीही ठरवलं तरी हा क्रम काही बदलत नाही.

चूक नेहमी समोरच्याची असते, अशी त्यामुळं माझी पक्की समजूत झाली होती. बाबांच्या कार्यक्रमाच्या वेळी ती पार मोडीत निघाली.

बाबा ताडकळसजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही भावंडं शिकायला परभणीत, म्हणून ते रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. निवृत्त झाल्यावरही शेताच्या निमित्तानं त्यांच्या फेऱ्या चालूच राहिल्या. त्यांची पंचाहत्तरी आली तशी जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार ठरवला. बाबांनी पहिल्याच फोनवर होकार दिला, तेव्हाच मला शंका आली. एरवी हार-तुऱ्याचं नाव काढलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. संध्याकाळी त्यांनी खरं कारण सांगितलं.

"बाकीचे येतील, न येतील. एकजण यायला पाहिजे."

तो एकजण म्हणजे ताडकळसला रस्त्याला लागून दुकान असलेला मिस्त्री. जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, वायरिंगची कामं घेतो. लहानपणी त्याची आई त्याला शाळेत घेऊन आली तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं होतं, पोरगं दिवाळीच्या पाडव्याचं आहे. तेव्हा गावात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. कुणी म्हणे पोळ्याच्या आदल्या दिवशी, कुणी म्हणे पाणी लय झालं त्या साली. मग गुरुजी सगळ्यांना सरसकट एक जून लावून टाकायचे, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर भरायचं. या आईला तारीख ठाऊक होती. पण पाडवा लिहिला तर पोराला वर्षभर घरी बसावं लागलं असतं. शिवाय त्याचा चुलतभाऊही त्याच दिवशी दाखल होत होता. दोघं बरोबर येतील म्हणून बाबांनी दोघांना त्याच सालचा एक जून लावला. बाबांच्या मते हे त्याच्या भल्याचंच होतं.

पुढं हा पोरगा फौजेच्या भरतीला उभा राहिला. धावण्यात पहिला आला, छाती भरली, सगळं झालं. कागद तपासताना वय जास्त निघालं. किती, तर पाच महिन्यांहून थोडं कमीच. पाडव्याची तारीख असती तर तो वयात बसला असता. तेव्हापासून तो बाबांशी बोलला नाही. चोवीस वर्षं झाली. बस त्याच्या दुकानासमोरच थांबते, पण तो मान वर करत नाही, असं बाबा म्हणायचे. हे ऐकून मी लॅपटॉप उघडला. मला काही सुचलं नाही की मी तेच करते.

यादीचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. शाळेच्या प्रवेश नोंदवहीची झेरॉक्स आणि बाबांची स्वतःची वही, दोन्हींतली नावं मी टाइप केली. एकच विद्यार्थी दोन्हींकडं असायचा, म्हणून दुबार नावं गाळणारा मॅक्रो लिहिला. नव्वदेक ओळींचा, माझ्या मते एकदम झकास. यादी निघाली, कार्डं छापली, गावोगावच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ती हातोहात पोचवली. कार्ड पोचलं की ते मला कळवायचे आणि मी नावापुढं खूण करायची.

रोज संध्याकाळी बाबांचा एकच प्रश्न. "पोचलं का गं त्याचं?"

तिसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढं खूण झाली. मी म्हटलं, "पोचलं." बाबांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. पुढं ते रोज विचारत राहिले आणि मी रोज पोचलं म्हणून सांगत राहिले. शेवटी शेवटी तर चिडूनच सांगायचे.

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी बाबा गावाकडं जाऊन आले आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

"त्याला कार्ड गेलंच न्हाई. दुकानात कुणीतरी विषय काढला तर म्हणला, मला कुठं बोलावलंय? गुरुजींच्या यादीत मी कधीच नव्हतो."

"असं कसं होईल? खूण आहे की! वाटणाऱ्यानं घोळ घातला असंल."

"तुझा प्रोग्रॅम एकदा बघ."

"माझा प्रोग्रॅम चुकत नाही, बाबा."

हे मी जरा जोरातच बोलले. अगदी त्या 'मी काहीच केलं नाही'वाल्यांच्या सुरात बोलले, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. वाटणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "कार्ड दिलंय की, ताई. गावात वावरात जाऊन दिलंय." वावरात? मिस्त्रीचं तर दुकान ताडकळसला! कार्ड चुलतभावाला गेलं होतं. दोघांची नावं एकच. आजोबा वारले त्या साली त्यांच्या दोन्ही मुलांना पोरं झाली आणि दोघांनीही पोराला आजोबांचं नाव ठेवलं. कोणी मागं हटायला तयार नव्हतं. गावात एकाला थोरल्या घरचा म्हणतात, दुसऱ्याला धाकट्या घरचा. माझ्या यादीत मात्र दोघांत मिळून एकच ओळ उरली होती.

मी खुर्ची ओढली. बाबा शेजारी येऊन बसले, चष्मा लावून. मी एकेक ओळ चालवून बघायला लागले. चूक सापडत नसली की हाच उपाय, एका वेळी एकच ओळ चालवायची आणि ती काय करते ते बघायचं. बाबा प्रत्येक ओळीला विचारायचे, "हे काय म्हणायलंय?" आणि मला ते मराठीत सांगावं लागायचं.

"ही ओळ म्हणते, प्रत्येकाची एक ओळख तयार कर. अन् ही म्हणते, तीच ओळख आधी येऊन गेली असंल तर हा माणूस दुबार आहे, घेऊ नको."

"अन् मग तुला सांगतो का तो, की एकाला वगळलं म्हणून?"

"नाही. ही वरची ओळ बघा. अडचण आली तरी गुपचूप पुढं जायचं, असं सांगून ठेवलंय त्याला."

"असं कशाला सांगितलंस?"

"नाहीतर दर नावाला थांबून कटकट करतो."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. पोरांच्या वह्या तपासताना ते असेच बघायचे. मग त्यांनी विचारलं, "ओळख कशावरनं तयार करतो?"

"नाव, आडनाव अन् जन्मतारीख. बापाचं नाव मी घेतलं नव्हतं, तुमच्या वहीत बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलंच नाही."

माझं वाक्य संपायच्या आत आम्हा दोघांनाही कळलं. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दोघांची एकच तारीख लिहिली मी," ते म्हणाले. "त्या तारखेनं त्याला तेव्हा फौजेतनं काढला, अन् आता माझ्या यादीतनं."

मला माझा इतका राग आला की रडूच फुटलं. दुरुस्ती म्हणाल तर पाच मिनिटांची. बापाचं नाव ओळखीत घातलं, जिथं नव्हतं तिथं बाबांना विचारून भरलं, ती गुपचूप पुढं जाणारी ओळ पुसली. बटण दाबलं आणि दोघं भाऊ एकाखाली एक यादीत आले. पण यादीत आलेला माणूस मांडवात कसा आणायचा, ते कुठल्या ओळीत लिहिणार?

शनिवारी सकाळी आम्ही ताडकळसच्या बसमध्ये बसलो. कोरं कार्ड मी पर्समध्ये घेतलं होतं, नाव बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. दुकानात मिस्त्री उकिडवा बसून एका मोटारीत तांब्याची तार भरत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला, पण तो उठला नाही. मी घाईघाईनं सुरू केलं, चूक माझी आहे, माझ्या प्रोग्रॅमनं तुम्हाला गाळलं, वगैरे वगैरे. बाबांनी मला हातानं गप्प केलं.

"तुझ्या आईनं मला पाडवा सांगितला होता," ते म्हणाले. "मी एक जून लिहिला. तिनं चुकीचं सांगितलं नव्हतं, मी चुकीचं लिहिलं. हे सांगायला आलोय. कार्ड त्याच्यानंतर."

मिस्त्रीनं हातातली तार खाली ठेवली.

"चोवीस वर्षं तुमची बस इथं थांबायलीय, गुरुजी. दर खेपेला खिडकीतनं बघायचात तुमी."

"मला वाटायचं तू मान वर करत न्हाईस."

"मान वर करून काय करू? तुमी उतरायला पाहिजे होतं."

बाबांनी त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले. तसा तो चटकन उठला, तेलकट हात पँटला पुसले आणि त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "असं नका करू," एवढंच म्हणाला. मग आतून खुर्ची आणली, फडक्यानं झटकली आणि बाबांना बसवलं. माझ्याकडं वळून म्हणाला, "उद्या कितीला हाय कार्यक्रम?"

"दहाला," मी म्हटलं.

"माइकचं वायरिंग कोण बघायलंय?"

"मांडववाला."

"त्याला काय कळतंय? नवालाच येतो मी."

बाबांनी माझ्या पर्सकडं बोट केलं. मी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "या."