मावशी ज्या खोलीत गेली

पेणमधलं घर विकायला काढलं की लोक पाणी बघतील, छत गळतं का बघतील, दारात गाडी उभी राहते का बघतील, अशी माझी भाबडी समजूत होती. लोक तेही बघतात, पण वरवर. खरा प्रश्न ते निघताना, चपला घालता घालता विचारतात. "त्या... घरातच गेल्या का?"

माझी मावशी घरातच गेली. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या खाटेवर, माझ्या हातून दोन चमचे पेज घेऊन. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. जन्मभर पोह्याचे पापड लाटून तिने हे तीन खोल्यांचं घर उभं केलं होतं. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने एकच धोशा लावला, मला माझ्या घरी ने. मी आणलं. रोह्याचा माझा संसार नवऱ्याच्या गळ्यात टाकला आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिले. आयुष्यात माझ्या हातून एवढं एक काम धड झालं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

घर तिने मला आणि माझ्या मामेभावाला मिळून ठेवलं. हा खारघरला असतो. मावशी आजारी असताना त्याला कामं फार होती. ती गेली आणि त्याला एकदम सवड झाली. मला रोहा सोडून पेणला राहणं जमणार नव्हतं, त्याला तर पेणचं नावही नको, म्हणून घर विकायचं यावर आमचं एकमत झालं. आमचं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

पहिले आले ते नवरा-बायको, दोघंही शिक्षक. नवरा विज्ञान शिकवणारा. त्याने भिंतीवर बोटं वाजवून बघितली, बायकोने तिथी विचारली. मी सांगितली. तिने तिथल्या तिथे मोबाइलवर पंचांग उघडलं, मावशी पंचकात तर गेली नाही ना हे बघितलं आणि म्हणाली, "आमचा काही विश्वास नाही हो, पण सासूबाईंचं असतं." विज्ञानवाला मान हलवत उभा होता.

मग हमरापूरचा एक गणपती कारखानदार आला. त्याला मूर्ती ठेवायला पेणमध्ये जागा हवी होती. जागा पसंत पडली, मग तोच प्रश्न. "माझं काय नाय ताई, पण बाप्पा ठेवायचेत. आई ऐकायची नाय." त्याच्या बाप्पांचे अजून डोळेसुद्धा रेखायचे होते, पण विटाळ मात्र आधीच झाला होता.

डोलवीच्या कंपनीतला एक इंजिनियर शिफ्ट संपवून थेट आला. "आम्ही असलं काही मानत नाही," त्याने न विचारताच सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, मिसेसच्या आईला बरं वाटत नाहीये त्या घराबद्दल. त्या माउलीने घर पाहिलंही नव्हतं.

पेण तालुक्यात अंधश्रद्धा अजिबात नाही, असं माझं मत झालं. ज्याच्याशी बोलावं त्याचा विश्वास नसतोच. विश्वास असतो तो फक्त घरी बसलेल्या कुणाच्या तरी आईचा, आणि ती आई घर बघायला कधी येत नाही. यांचे आजे-पणजे काय आभाळात मेले? पूर्वी म्हातारं माणूस आपल्या घरी, आपल्या माणसांत गेलं की लोक म्हणायचे, सोनं झालं. आता म्हणतात, भाव थोडा कमी करा.

यावर तोडगा काढला एजंटने. "ताई, दवाखान्यात गेल्या म्हणायचं. कोण विचारायला जातंय?" मामेभावाला हा तोडगा इतका पसंत पडला की पुढच्या गिऱ्हाइकासमोर त्याने स्वतःच गळा दाटून आणला. "शेवटी दवाखान्यातच गेली हो. आम्ही सगळे तिच्याजवळ होतो."

आम्ही सगळे! हा माणूस बाराव्याला पानं मांडल्यावर उगवला होता.

"ती इथेच गेली," मी गिऱ्हाइकाला सांगितलं. "तुम्ही बसलात ना, तिथेच खाट होती." ते गिऱ्हाईक विंचू चावल्यासारखं उठलं.

भावाने मग मला फैलावर घेतलं. घर विकायचंय की मावशीचे गोडवे गायचेत? मी म्हणाले, मरताना तिने एकच गोष्ट मागितली आणि ती तिला मिळाली, ती मी खोटी पाडणार नाही. "तिला आता काय फरक पडतो?" असं तो म्हणाला. मला पडतो, मी म्हणाले, आणि मला रडू आलं, त्याच्यासमोर आलं याचा जास्त संताप आला. शेवटी त्याने फर्मान काढलं. यापुढे एजंट बोलेल, मी फक्त दार उघडायचं.

म्हणून मी दार उघडलं. साठीची एक बाई आत आली, मागून तिचा मुलगा. मूळची खाडीकडची माणसं, मिठागरात राबलेली. मुलगा कंपनीत लागल्यापासून पेणमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होती. बाईने स्वयंपाकघराकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"तुझी मावशी याच खोलीत गेली ना गो?"

"दवाखान्यात, दवाखान्यात," एजंट घाईघाईने म्हणाला.

चला, मी मनात म्हटलं, ज्या आईच्या नावावर सगळे पळ काढत होते ती एकदाची स्वतः आली. "इथेच गेली," मी म्हणाले. "तुम्ही उभ्या आहात तिथे. आणि जायचं असेल तर दार उघडंच आहे."

बाई हलली नाही. "मंग शेजारी आले का गो? का दारं लावून घेतली?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. "आले की," मी म्हणाले. "सगळे आले. समोरच्यांनी पिठलं-भात आणून दिला."

बाई खिडकीखाली जमिनीवरच बसली. बोलला तो मुलगा. वडील दवाखान्यात होते. आता उपाय नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि घरमालक म्हणत होता, इथे आणू नका, खोलीत काही झालं तर उद्या ती घेईल कोण?

"रोज इचारतात, घरी कवा नेणार," बाई म्हणाली. "मी सांगते, उद्या. मंग नाक्यावर ऐकला, इथं एक बाई गेली म्हणून हे घर कोण घेत नाय. म्हटलं, मंग आपल्याला चालंल."

एजंटचं तोंड सुरू झालं. बँकेचं कर्ज, टोकन, रजिस्ट्रेशन, सगळं सुरळीत झालं तरी महिना-दीड महिना.

"तंवर ते राहतील का?" बाईने मुलाला विचारलं.

मी पर्समधून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. "आजच घेऊन या. कागद व्हायचे तेव्हा होतील. भावाला मी बघून घेते."

एजंटने मला बाजूला ओढलं. "ताई, डोकं फिरलंय का? कागद व्हायच्या आधीच घरात काही झालं म्हणजे?"

"त्यासाठीच देतेय," मी म्हणाले.