लाल जॅकेटातली कुसळं

बापूकाका ऑफिसच्या सोफ्यावर बसले, पाय लांब केले, आणि मला त्यांच्या मोज्यांत पेठ रस्त्यावरचा अख्खा डोंगर दिसला.

मोज्यांत कुसळं. पँटच्या काठात कुसळं. आम्ही दिलेल्या नव्याकोऱ्या लाल जॅकेटच्या बाहीवर जिथे वेल्क्रो असतो, तिथे तर कुसळांची दाट लव. मागून बाकीचा ग्रुप आत आला. सगळे लाल, सगळे घामाघूम, सगळे खूश.

"मॅडम, फिटनेस पास!" काका म्हणाले. "आता अंटार्क्टिका काय, त्याच्या पुढं चला!"

नाशिकच्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत माझं ते दुसरं वर्ष. अंटार्क्टिकाचा आमचा हा पहिलाच ग्रुप. बापूकाका दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, माल युरोपला पाठवणारे. व्याही, पाहुणे, मित्र असा निम्म्याहून जास्त ग्रुप त्यांनीच जमवलेला. टूर मॅनेजर म्हणून आमचे नितीन सर जाणार होते आणि मदतीला मी. शाळेत ॲटलासच्या तळाशी एक पांढरी पट्टी असायची. ऑफ पिरियडला मी तिच्यावर बोट ठेवून बसायचे. आता तिथे जाणार हे ठरल्यावर कितीतरी दिवस मी कुणाला सांगितलं नाही. बोलले तर रद्द होईल असं वाटायचं.

त्या दिवशीच्या प्रॅक्टिस ट्रेकची कल्पना सरांची. सवय व्हावी म्हणून टूरचेच कपडे घालून जायचं, हीसुद्धा त्यांचीच. दिवाळी नुकतीच झालेली. डोंगरावर गवत वाळून उभं होतं.

जहाज कंपनीच्या सूचना इंग्लिशमध्ये, म्हणून त्या वाचायचं काम माझ्याकडे. त्यात एक शब्द सारखा यायचा: बायोसिक्युरिटी. साधा अर्थ असा, की तिथे बाहेरचं काही जिवंत न्यायचं नाही. बी नाही, माती नाही, किडा नाही. अंटार्क्टिकाचे काही किनारे उन्हाळ्यात बर्फाखालून उघडे पडतात. तिथे शेवाळ आणि जेमतेम काही इवलीशी रोपं. परकं गवत रुजलं तर ती गेलीच. म्हणून जहाजावर प्रत्येकाचे कपडे तपासतात. काही सापडलं, तर ते साफ होईपर्यंत किनाऱ्यावर उतरू देत नाहीत.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, सगळ्यांचे कपडे साफ करावे लागतील. एकेक कुसळ काढून."

"लाँड्रीत टाक."

"लाँड्रीत निघत नाहीत, सर. आणखी आत जातात."

"मग जहाजावर काढू."

"एवढ्या लोकांचं काढेपर्यंत लँडिंग हुकेल."

सरांनी आवाज खाली आणला. "काकांना 'तुमचे कपडे चालणार नाहीत' असं मी सांगणार नाही. तुला सांगायचं तर सांग. ते नाराज झाले, तर तू इथेच थांबून ऑफिस सांभाळायचं."

शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझा आवाज निघायचा नाही. तरी बाहेर आले.

"काका, हे कपडे असे नेता येणार नाहीत."

हसणं थांबलं. मी समजावलं, निम्मं इंग्लिशमध्येच. काकांच्या पत्नी सुमनकाकींनी पाय हळूच खुर्चीखाली घेतले. सगळ्यांचे लोकरीचे मोजे त्यांनी हाताने विणले होते.

"पोरी, तिथं बर्फ हाय," काका म्हणाले. "बर्फात काय कुसळ उगवणार? आमच्या बांधावर तणनाशक मारूनबी जात नाय, ती गोष्ट वेगळी."

"कुसळावर ड्यूटी लावली का हो कस्टमवाल्यांनी?" व्याह्यांनी विचारलं. पुन्हा हशा. काचेपलीकडून सर माझ्याकडे बघत होते.

आणि मला काकांच्या बागेचं गेट आठवलं. व्हिसाच्या सह्या घ्यायला गेले होते तेव्हाचं.

"काका, मी तुमच्या बागेत आले होते. गेटवर औषधाच्या पाण्याचा ट्रे होता. तुम्ही लांबूनच ओरडलात, पाय बुडवल्याशिवाय आत नाय यायचं. माझे सँडल नवे होते. त्यांना काहीच लागलेलं नव्हतं."

"तुला काय दिसणार? डावणीची बुरशी चपलेवर दिसती का? एका बागेतनं ती घेऊन दुसऱ्या बागेत..."

काका थांबले.

त्यांनी मोज्यातलं एक कुसळ उपटलं आणि बोटांत फिरवून पाहिलं.

"म्हणजे त्यांची पण बागच म्हण की."

"हो, काका. आणि गेट जहाजावर आहे."

"मग उठा रे! जॅकेटं काढा. रविवारी सगळे माझ्या शेडवर!"

रविवारी त्यांच्या पॅकिंग शेडमध्ये आम्ही सगळे लांब टेबलांना बसलो. एक्स्पोर्टच्या द्राक्षघडातले खराब मणी काढायची ती जागा. लख्ख ट्यूबलाइट, चिमटे, टूथब्रश, व्हॅक्यूम क्लीनर. काका टॉर्च घेऊन पाठीमागून फिरत होते.

"व्याही, कॉलर उलटी करा. हे बघा! तुमचा माल रिजेक्ट!"

एवढी मजा मी कुठल्याच ऑफिस पिकनिकला पाहिली नव्हती. फक्त लोकरीने कुसळं सोडली नाहीत. काकींनी एका मोज्यावर बराच वेळ घालवला. मग सगळे जोड पिशवीत भरून गाठ मारली. "ऱ्हाऊ द्या इथंच. तिकडं विकतचे घालू."

सर रविवारी आले नाहीत. ट्रेकला घातलेलं जॅकेट त्यांनी लाँड्रीत दिलं होतं.

जहाजावर एक तरुण ऑफिसर टॉर्च आणि चिमटा घेऊन उभी होती. खिसे उलटे, वेल्क्रो उघडा, बॅगेच्या शिवणींवर टॉर्च. काका हात पसरून ऐटीत उभे राहिले. पास. काकी पास. व्याही पास. मीही पास. मग सरांचं जॅकेट. तिने कॉलरमधून एक काढलं. मग दुसरं. मग खुर्ची ओढून बसलीच.

"सर, माल रिजेक्ट?" काकांनी विचारलं.

खाली रबरी बोटी तयार होत्या. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ग्रुप तू घेऊन जा."

बोटीत पाण्याचे शिंतोडे तोंडावर येत होते आणि मी हसत होते. समोर काळा खडक, पांढरा कडा, आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघणारे शेकडो पेंग्विन. काका उतरले ते कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या दिशेने.

"काका! लांबून!"

कड्यापर्यंत गेला तो आवाज. माझाच होता.

"आवाज हाय की पोरीला!" म्हणत काका दोन पावलं मागे सरकले.

सर दुसऱ्या बोटीने आले. कॉलर ओली होती. नाशिकला परतल्यावर त्यांनी ऑफिसात एक नियम केला, तो आम्ही आजही पाळतो: प्रॅक्टिस ट्रेक जुन्या कपड्यांत.