दत्तादादाच्या हातावरची रेषा

दत्तादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. फळ्यावर जंतूचं चित्र अर्धं काढून झालं होतं. सुगंधावहिनी एवढंच म्हणाली, "तुजा दादा नाय राह्यला गो..." महिना उलटून गेला, ते चित्र मी अजून पूर्ण केलेलं नाही. मुलांना सरळ पुढचा धडा शिकवला.

दादा माझा मावसभाऊ, खाडीकाठचा कोळी. पनवेलच्या बाजारात वहिनीसोबत मासळी विकायचा. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते याचा त्याला भारी अभिमान, पण चेष्टाही तेवढीच. विचुंब्याच्या माझ्या फ्लॅटवर कोलंबी घेऊन आला की माझ्या प्रयोगशाळेतल्या जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवरून दारातूनच विचारायचा, "काय मास्तरीन, आज कुनाला पाललंस बशीत?" एकदा मी त्याला सांगितलं होतं, की जंतू नुसता अंगात शिरून भागत नाही. तो स्वतःच्या आत विष तयार करतो आणि ते बाहेर सोडायला त्याच्या भिंतीत प्रथिनांचीच दारं असतात. काहींकडे तर सुईसारखी नळी असते, ती आपल्या पेशीला टोचून विष थेट आत सोडतात. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हनजे शिंगाल्याची जात. काटा मारून गुमान बसनार." शिंगाळा म्हणजे विषारी काट्याचा मासा. ते वाक्य मी पुढे वर्गात किती वेळा वापरलं.

त्याला लागला तोही शिंगाळ्याचाच काटा. सकाळी अंगठ्याखाली रुतला, त्याने वर लिंबू चोळलं आणि त्याच हाताने दिवसभर खाडीच्या पाण्यात जाळी धुतली. संध्याकाळी मी गेले तेव्हा लाली मनगटापर्यंत आली होती. तेव्हाच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायला हवं होतं. खाडीच्या पाण्यातले काही जंतू किती झपाट्याने मांस नासवतात, हे मी दरवर्षी शिकवते. पण तो म्हणाला, "काटा काय पयल्यांदा लागला?" आणि मी ऐकलं. पर्समधलं निळं पेन काढून लालीच्या कडेने रेषा ओढली आणि वहिनीला बजावलं, "लाली रेषेबाहेर गेली की थांबायचं नाही, तडक दवाखाना." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोटो पाठवला. लाली रेषेच्या आत होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी तो फोटो नीट पाहिलासुद्धा नाही. दुपारी दादा तापाने बरळायला लागला. तिसऱ्या दिवशी गेला. लाली आतच होती, मग हे एवढं पसरलं कसं... महिनाभर हाच विचार मला भेडसावत होता.

परवा वहिनी घरी आली. तिच्या बोटाभोवती निळी रेषा होती. कोलंबीचा काटा लागला होता.

"पान्यात पुसली, म्हनून परत काढली," ती म्हणाली. "त्यांच्या हातावं पन आंगोलीनंतर मीच काढलेली. लाल व्हता तिथून, बरोबर कडेनी."

मोबाइलवर तो फोटो शोधला. मी मनगटाशी ओढलेली रेषा आता कोपराजवळ होती.

पुसली तरी वाढलेल्या लालीच्या कडेने पुन्हा काढायची नसते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं. गप्प बसले असते तर तिला कधीच कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर गप्प बसावंसंच वाटत होतं. पण तिच्या बोटाकडे पाहून भीती वाटली. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. ती रडली नाही. मी तिला लगेच दवाखान्यात नेलं. हा लेखही तिला विचारूनच छापायला देते आहे.

इंजेक्शन घेऊन आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. जखम धुताना रेषा पुसली गेली होती. तिने बोट माझ्यापुढे धरलं.

"मंग आता तू काढ."

मी पर्समधून तेच पेन काढलं. टोक तिच्या बोटाला लावलं, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.