तात्यांचा बिनमाशांचा समुद्र

आमच्या तात्यांना फीत कापण्याची भारी हौस. स्वतः कापायची नव्हे हो, मोठ्या माणसाच्या हातून कापवून घ्यायची! तात्या म्हणजे माझे थोरले दीर. गावात हातपंप बसला की पाणी लागायच्या आधी हे फीत, कात्री आणि नारळ घेऊन हजर. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा तिच्यावर चढायला शिडीसुद्धा नव्हती. कुणी बोललं तर म्हणायचे, "काम हुतंय मागनं. साहेबांची तारीख पुन्हा मिळत न्हाय." साहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या पॅनेलमधून एकदा संचालक व्हायचं, एवढंच त्या माणसाचं जन्माचं मागणं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. निमगाव केतकीजवळ आमच्या वस्तीवर तात्यांनी नवा बंगला बांधला. त्याच सुमारास मुंबईला कुणा अधिकाऱ्याच्या घरी त्यांनी समुद्रातल्या माशांची काचेची पेटी पाहिली आणि झालं, बंगल्यात तशीच पेटी पाहिजे! मी म्हटलं, "तात्या, भिगवणला एवढी मासळी मिळते, मग समुद्राची कशाला?" तर म्हणाले, "भिगवणची खायाला, ही दाखवायाला."

पेटी आली, पिशव्या भरून खास मीठ आलं आणि थर्माकोलच्या खोक्यातून, ओल्या कागदात गुंडाळलेले समुद्रातले दगड आले. आमच्याकडं उसाला पाणी देऊन देऊन रानं खारवट झालेली. लोक जमिनीतलं मीठ घालवायला चर खणत होते आणि तात्या बादलीत मीठ ढवळत बसले होते. अक्का, म्हणजे माझी मोठी जाऊ, म्हणाली, "अवं, खालच्या रानात सोडा की मासं. तितं तयार समुद्र हाय."

दगडांवरचे बारीक जीव वाटेतच मेलेले. तीन खोल्यांपर्यंत वास! अक्का उदबत्ती लावायची, तात्या धुराच्या भीतीनं विझवायचे. पुण्याच्या दुकानदारानं त्यांना बजावलं होतं, की दगडांतले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढले, की तेच पाण्यातली घाण खाऊन टाकतात. तोवर पाणी म्हणजे विष, मासा सोडायचा नाही. तात्या ते आल्यागेल्याला आपल्या भाषेत सांगायचे, "दगड म्हंजे विरजण. लागंस्तवर हलवायचं न्हाय." रोज सकाळी देवपूजेच्या आधी काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर पाणी पिकलं, हिरवं झालं तर कच्चं. रोज आपलं हिरवंगार!

माणसं मासे बघायला यायची.

"तात्या, मासा कुठं हाय?"

"यायचाय."

"मग आमी काय बघायचं?"

"पाणी बघा."

बिचारी पाणी बघून, चहा पिऊन जायची.

पण उद्घाटनाशिवाय तात्यांना चैन कुठलं? वास्तुशांतीच्या पत्रिकेत छापून मोकळे झाले, 'साहेबांच्या शुभहस्ते सागरी मत्स्यपेटीचे उद्घाटन'. तोवर पाणी पिकेल असा अंदाज. पाणी काही पत्रिका वाचत नाही. त्या सकाळीही नळी हिरवीच.

निवडणूक तोंडावर होती. आमच्या भागातून पॅनेलचं तिकीट तात्यांना किंवा बापूरावांना, दोघांतल्या एकालाच मिळणार होतं. हे बापूराव मोठे चलाख. साहेबांच्या मागोमाग आले ते पुण्याहून आणलेली पाण्याची पिशवी घेऊनच. आत दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे. "साहेब, रिकामी पेटी बरी दिसत न्हाय. तुमच्या हातानं सोडा." टाळ्या झाल्या. साहेबांनी पिशवी हातात घेतली.

तात्या पुढं झाले आणि त्यांनी ती अलगद काढून घेतली. "साहेब, पाणी पिकलं न्हाय अजून. मरत्याल."

"फोटोपुरतं सोडू की," बापूराव म्हणाले. "मेलं तर मी दुसरं आणतो."

साहेब हसले. "तात्या, माणसं खोळंबलीत."

"खोळंबू द्या," तात्या म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून साहेबांसमोर निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

साहेबांनी दगडांसमोर फीत कापली, फोटो काढला, पंगत बसली. आणि यजमान गायब! पिशवीत मासे गुदमरतील म्हणून तात्या बारामतीची एसटी पकडून निघाले होते, तिथून पुढं पुण्याला, दुकानात परत द्यायला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि मांडीवर मासे! इकडं साहेबांना जिलबीचा आग्रह करायला पंगतीत कोण? बापूराव.

तिकीट कुणाला मिळालं ते सांगायला नकोच. "पाहुणे जेवताना उठून जाणारा माणूस पॅनेल काय सांभाळणार?" असं साहेब म्हणाल्याचं कानावर आलं. अक्का तर उठता बसता ऐकवायची, "मासं वाचवलं, खुर्ची बुडवली."

पुढं एका सकाळी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. तात्यांनी चार दिवस आणखी खात्री केली, मग गुपचूप पुण्याला जाऊन तसेच दोन मासे आणले. फीत नाही, नारळ नाही. आम्ही तिघंच. एका माशानं कपारीतून डोकं बाहेर काढलं तशी अक्काच आधी ओरडली, "अगं बया, बघतोय की माझ्याकडं!"

निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. बापूरावांच्या मिरवणुकीची हलगी वस्तीच्या वाटेवर वाजू लागली तशी ते भराभर खिडक्या लावू लागले. मला वाटलं, बघवत नसेल. मी म्हटलं, "तात्या, उकडतंय, एक तरी राहू द्या." त्यांनी तीही लावली. कपाटातून नवाकोरा फेटा काढला. निवडून आल्यावर बांधायचा म्हणून अक्काला न सांगता घेऊन ठेवलेला. तो सगळा उलगडून त्यांनी पेटीवर नीट चौपदरी अंथरला.

"गुलाल लय बारीक असतोय," म्हणाले. "पाण्यात एक कण जाता कामा न्हाय."