बाभळीखालचा शॉवर

निवृत्तीनंतर आम्ही नवराबायकोने जुन्या टेम्पोचं चाकांवरचं घर करून घेतलं. पहिल्याच सफरीत, शिंदखेड्याच्या अलीकडे, गाडी नीट चालत असताना आतले दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप एकदम बंद पडले.

रस्त्याकडेच्या बाभळीखाली थांबलो. मी नळ, मागच्या दारावरचा शॉवर सगळं उघडून पाहिलं, फ्यूज तपासले. बॅटरीही भरलेली होती.

शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या एक अक्का मागच्या दाराशी येऊन डोकावल्या. "भाऊ, हाई घर शे का गाडी?"

"सध्या दोन्ही नाही, अक्का," मी म्हणालो.

तेवढ्यात पलंगाखाली टॉर्च घेऊन शिरलेली बायको ओरडली, "अहो, बॅटरीची अर्थिंगची वायर सैल झालीय! बोल्टही गंजलाय."

मी काचपेपरने गंज घासला, बोल्ट आवळला. दिवे लागले, पंखा फिरला आणि दारावरचा उघडा राहिलेला शॉवर थेट अक्कांच्या डोक्यावर सुरू झाला! मी घाबरून बंद करायला धावलो.

"ऱ्हाऊ दे भाऊ!" अक्का खदखदून हसत म्हणाल्या आणि त्यांनी शेताकडे हाक मारली, "या वं बठ्ठ्या!"

वेचणाऱ्या साऱ्या बायका आल्या, त्यांनी तोंडं धुतली, एकमेकींवर पाणी उडवलं. धुळ्याला पोचलो तेव्हा टाकी कोरडी होती आणि आम्ही अजून हसत होतो.